ऑफिसात १४ संगणक, तरी २० जोडण्यांची मर्यादा कशी भरते? (फाइल शेअरिंगची अडचण)

अंत्रुजकर · फोंडा · १० जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. फोंड्यात वरच्या बाजाराजवळ आमचं कर सल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. एकूण १४ संगणक. त्यातल्या एकाला आम्ही सर्व्हर म्हणतो, पण तो विंडोज १० प्रो असलेला साधा डेस्कटॉपच आहे. टॅलीचा डेटा, क्लायंटचे स्कॅन केलेले कागद, जुनी रिटर्न्स, सगळं त्याच्यावरच्या शेअर केलेल्या फोल्डरात असतं. बाकीचे १३ जण तिथून काम करतात.

गेले चार महिने एक त्रास ठरल्यासारखा येतो. जीएसटीची रिटर्न्स भरायच्या दिवसांत, म्हणजे जीएसटीआर-१ साठी ९ ते ११ तारीख आणि ३बी साठी १८ ते २०. सकाळी अकराच्या पुढे कुणीतरी फोल्डर उघडायला जातं आणि संदेश येतो: 'नो मोअर कनेक्शन्स कॅन बी मेड टु धिस रिमोट कॉम्प्युटर', म्हणजे हा संगणक घेऊ शकतो तेवढ्या जोडण्या आधीच झाल्या आहेत. सर्व्हर रिस्टार्ट केला की तासभर बरं चालतं. काल मी घाईत रिस्टार्ट केला तेव्हा आतल्या खोलीत एकीचं टॅली उघडं होतं. तिची पाऊण तासाची एंट्री गेली आणि कंपनीचा डेटा रिपेअर करावा लागला. बिचारी काही बोलली नाही. मला मात्र रात्री झोप लागली नाही.

संगणक बसवून देणाऱ्यांनी खऱ्या सर्व्हरचं कोटेशन दिलंय. आकडा आमच्या महिन्याच्या पगारखर्चाच्या वर जातो. द्यायला लागले तर देऊ. पण १४ संगणकांच्या ऑफिसात ही मर्यादा कशी भरते, ते समजल्याशिवाय पैसे घालायचं मन होत नाही. कुणी समजावून सांगेल का?

---

बार्देसकर · म्हापसा · १० जुलै, रात्री १०:०५

मर्यादा खरी आहे. विंडोज १० आणि ११ च्या साध्या आवृत्त्यांत एका वेळी २० च सेशन्स, म्हणजे बाहेरून आलेल्या जोडण्या, आत येऊ शकतात. विंडोज ७ लाही २० च होती. एक्सपी प्रोफेशनलला १० आणि एक्सपी होमला ५. मायक्रोसॉफ्टने ती मुद्दाम ठेवली आहे. मशीन दमतं म्हणून ती येत नाही, त्यामुळे रॅम वाढवून किंवा एसएसडी घालून एक जागासुद्धा वाढणार नाही.

तुमचा प्रश्न मात्र बरोबर आहे. १३ जण आत येतात तर २० कोण होतात? ते आधी बघा, कोटेशन नंतर.

---

मांडवीतीर · पणजी · १० जुलै, रात्री १०:३२

रजिस्ट्रीत (विंडोजची सेटिंगं जिथे साठवलेली असतात तिथे) आकडा बदलून बघा. आमच्याकडे पूर्वी एका मुलाने टीसीपीआयपीची सिस्टीम फाइल पॅच केली होती, त्यानंतर जोडण्यांची मर्यादा उडाली होती.

---

सावंतवाडीकर · ११ जुलै, सकाळी ७:१५

मांडवीतीर भाऊ, तुम्ही म्हणता तो पॅच वेगळ्याच मर्यादेचा. ही गल्लत इतकी जुनी आहे की सविस्तर लिहितो.

२००४ मध्ये एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ आला. त्यात अर्धवट राहिलेल्या बाहेर जाणाऱ्या जोडण्यांवर बंधन घातलं होतं. तुमचा संगणक दुसऱ्या मशीनला हाक मारतो आणि उत्तर यायचं असतं, अशा हाका एका वेळी १० च. व्हायरस झपाट्याने पसरू नये म्हणून ते केलं होतं. टॉरेंटवाल्यांना त्याचा जाच होई, म्हणून ते पॅच फिरायचे. इव्हेंट लॉगमध्ये ४२२६ क्रमांकाची नोंद दिसायची ती याचीच. विंडोज ७ पासून ते बंधन नाही.

फोल्डर शेअर करताना लागते ती मर्यादा आत येणाऱ्या सेशन्सची. तो पॅच हिला शिवतसुद्धा नाही. रजिस्ट्रीतल्या आकड्याचंही तसंच आहे. तिथे २० पेक्षा कमी लिहिलं तर मर्यादा कमी होते, जास्त लिहून वाढत नाही. आणि कुठल्या तरी साइटवरून आणलेल्या फाइलने सिस्टीम फाइल बदलणं, तेही लोकांचे पॅन आणि बँकेचे उतारे असलेल्या मशीनवर, हे मी तरी कुणाला करू देणार नाही.

आणखी एक. २० उपकरणांची अट विंडोजच्या लायसन करारातही लिहिलेली आहे. फाइल, प्रिंट वगैरे सेवांसाठी २० पर्यंत इतर उपकरणं, असं त्यात स्पष्ट आहे. मध्ये दुसरं मशीन घालून जोडण्या एकत्र केल्या तरी मागची उपकरणं मोजलीच जातात. कर सल्लागाराच्या ऑफिसाने ही अट चुकवायच्या वाटा शोधू नयेत असं मला मनापासून वाटतं.

---

मांडवीतीर · ११ जुलै, सकाळी ८:०२

बरोबर. इतकी वर्षं मी दोन्ही एकच समजत होतो. अंत्रुजकर, माझं ऐकू नका. यांचं ऐका.

---

अंत्रुजकर · ११ जुलै, सकाळी ८:२०

लायसनचं वाचून बरं झालं, तो मार्ग नकोच. पण सेशन म्हणजे नेमकं काय मोजतात? संगणक, माणूस, की उघडी फाइल?

---

आबोली · वेर्णा · ११ जुलै, दुपारी १:१०

मी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचं नेटवर्क सांभाळते, त्याआधी बरीच वर्षं लहान ऑफिसं सांभाळली. जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे, काही सुटलं तर विचारा.

सेशन म्हणजे एका ठिकाणाहून एका ओळखीने त्या मशीनमध्ये केलेला प्रवेश. एकदा आत आलात की १० फाइली उघडा, तीन फोल्डर वापरा, सेशन एकच. म्हणून उघड्या फाइली मोजू नका. पण एकच संगणक दोन सेशन्स घेऊ शकतो, आणि लहान ऑफिसात नेमकं तेच झालेलं असतं.

उद्या गर्दीच्या वेळी, रिस्टार्ट करण्याआधी, सर्व्हरवर बसा. कॉम्प्युटर मॅनेजमेंट उघडा, त्यात शेअर्ड फोल्डर्स, त्यात सेशन्स. प्रत्येक ओळीत वापरणाऱ्याचं नाव, कुठल्या मशीनवरून किंवा आयपी पत्त्यावरून आलाय, किती फाइली उघड्या, किती वेळ जोडलेला आणि किती वेळ नुसता बसून, हे सगळं दिसतं. ती यादी कागदावर उतरवा. कमांडची सवय असेल तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून 'नेट सेशन' लिहिलं की हीच माहिती येते. 'नेट कॉन्फिग सर्व्हर' लिहिलं तर तुमच्या मशीनची मर्यादा किती आणि रिकामं सेशन किती मिनिटांनी सोडतात तेही दिसेल. ते बहुधा १५ मिनिटं असेल, मूळ आकडा तोच आहे.

त्याच यादीत एखाद्या ओळीवर उजवं बटण दाबून ते सेशन बंद करता येतं. पण ज्या ओळीत उघड्या फाइली दिसतात तिला हात लावू नका. तसं केलं तर परवा त्या मुलीचं झालं तेच पुन्हा होईल. शून्य फाइली आणि बराच वेळ रिकामी अशी ओळच बंद करायची. एवढं जमलं तरी रिस्टार्टची पाळी येणार नाही.

यादी इथे लिहा. नावं गाळून, फक्त कोण काय ते.

---

कुंकळ्ळीकर · मडगाव · ११ जुलै, संध्याकाळी ६:४५

आमचं नकाशे काढण्याचं ऑफिस. आमच्याकडे याच संदेशाच्या मागे स्कॅनर निघाला होता. मोठं झेरॉक्स-स्कॅनर मशीन थेट फोल्डरात स्कॅन टाकतं ना, तेही एक सेशन घेतं. अंत्रुजकर, तुमच्या यादीत ते सापडेल.

---

अंत्रुजकर · १३ जुलै, दुपारी ३:३०

यादी उतरवली. ११ तारखेलाच मुद्दाम ११:४० ला बसलो. आबोलीताई, तुमचा निरोप यायच्या आधी मी सेशन्सची खिडकी शोधून काढली होती, पण वाचायची कशी ते तुमच्यामुळे समजलं.

बरोब्बर २० ओळी होत्या. १२ संगणक आत, तेरावा बाहेर ताटकळत. त्या १२ पैकी चार संगणक दोनदा दिसत होते, तोच पत्ता, दोन ओळी. म्हणजे १६. सतरावा कुंकळ्ळीकर म्हणाले तसा स्कॅनर. अठरावा माझाच फोन! घरून कागद बघायला मी फाइल मॅनेजरचं एक अ‍ॅप घातलं होतं. ऑफिसात आलो की ते वाय-फायवरून आपोआप जोडलं जातं हे माझ्या ध्यानातच नव्हतं. एकोणिसावा आमच्याकडे आर्टिकल (सीएची उमेदवारी) करणाऱ्या मुलाचा लॅपटॉप, दुसऱ्यांदा. एकदा केबलचा पत्ता, एकदा वाय-फायचा. तो केबल काढून मीटिंगच्या खोलीत गेला होता.

विसावा पत्ता मला ओळखता येईना. शेवटी ७३ होतं आणि वापरणाऱ्याच्या जागी 'गेस्ट'. प्रत्येक टेबलाकडे जाऊन पाहिलं. मग आठवलं. गेल्या पावसात शेजारच्या ऑफिसाचं इंटरनेट दोन दिवस बंद होतं, तेव्हा मी त्यांना आमच्या वाय-फायचा पासवर्ड दिला होता. तो लॅपटॉप त्यांचा. त्यांनी कधी तरी नेटवर्कमध्ये आमचं फोल्डर पाहिलं असेल आणि ते त्यांच्या खिडकीत राहिलं असेल. माणसं चांगली आहेत, त्यांनी काही उघडलं असं मला वाटत नाही. पण उघडता आलं असतं. आमच्या क्लायंटचे सगळे कागद वर्षभर भिंतीपलीकडच्या मशीनवरून दिसत होते. जोडण्यांची मर्यादा शोधायला गेलो आणि हे सापडलं.

---

आबोली · १३ जुलै, संध्याकाळी ५:५०

विसाव्या ओळीचं काम आज रात्रीच करा, बाकीचं उद्या चालेल.

वाय-फायचा पासवर्ड बदला. राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क करता येतं, ते चालू करा आणि शेजाऱ्यांना, येणाऱ्या-जाणाऱ्यांना तेच द्या. मग सर्व्हरच्या शेअरिंगच्या सेटिंगमध्ये 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' चालू करा. तुमच्याकडे ते बंद असणार, नाहीतर गेस्ट आत आलाच नसता. फोल्डरच्या परवानगीत 'एव्हरीवन' असेल तर काढा आणि प्रत्येक कर्मचाऱ्याचं खातं सर्व्हरवर तयार करा. १३ खाती करायला एक संध्याकाळ जाईल. कंटाळा करू नका.

हे आज ना उद्या करावंच लागलं असतं. विंडोज ११ च्या २४एच२ पासून प्रो आवृत्ती गेस्ट म्हणून शेअरमध्ये जाऊच देत नाही. नवीन लॅपटॉप घेतलात की तो फोल्डर उघडणार नाही आणि तुम्हाला वाटेल पुन्हा मर्यादाच भरली. संदेश वेगळा असतो, तो नीट वाचायचा.

---

बार्देसकर · १३ जुलै, रात्री ९:२०

दोनदा दिसणाऱ्या चार संगणकांकडे वळतो. अंत्रुजकर, त्या चारही मशीनवर झेड ड्राइव्ह कसा मॅप केलाय (सर्व्हरचं फोल्डर ड्राइव्ह म्हणून कसं जोडलंय) आणि टॅलीत डेटाचा पाथ काय दिलाय ते बघा. मला वाटतं एका ठिकाणी सर्व्हरचं नाव असेल आणि दुसऱ्या ठिकाणी १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता.

विंडोजला नाव आणि आयपी पत्ता ही दोन वेगळी मशीनं वाटतात. नावाने गेलात की एक सेशन, पत्त्याने गेलात की दुसरं, पलीकडे तोच डबा असला तरी. आधीच्या माणसाने नावाने जोडलेलं असतं, मग कधी तरी नाव सापडत नाही म्हणून नंतरचा माणूस पत्ता घालून जातो. दोन्ही चालतं, म्हणून कुणी विचारत नाही. मी म्हापशात दोन ऑफिसांत हेच निस्तरलंय.

---

अंत्रुजकर · १४ जुलै, सकाळी १०:१५

अगदी तसंच निघालं! चौघांच्याही टॅलीत पत्ता, ड्राइव्हला नाव. देव बरें करूं, बार्देसकर.

---

कुंकळ्ळीकर · १४ जुलै, सकाळी ११:००

एक शंका. प्रिंटर सर्व्हरवरून शेअर केला असेल तर त्याचं वेगळं सेशन धरतात का?

---

आबोली · १४ जुलै, दुपारी १:२०

त्याच नावाने, त्याच खात्याने आधीच आत असाल तर प्रिंटरचं वेगळं लागत नाही. पण फोल्डर कधीच न उघडणारं, फक्त छापण्यापुरतं जोडलेलं मशीन असेल तर तेही एक जागा अडवतं. प्रिंटरला नेटवर्कची केबल लागत असेल तर तो थेट नेटवर्कच्या स्विचला (सगळ्या केबल जिथे येतात त्या डब्याला) लावा आणि प्रत्येकाने सरळ त्याच्याशीच बोलावं. सर्व्हर बंद असतानाही छपाई चालते.

अंत्रुजकर, आता सगळीकडे एकच नाव ठेवा. सर्व्हरला राउटरमध्ये कायमचा पत्ता नेमून द्या म्हणजे नाव सापडत नाही ही तक्रार कमी होईल. रिकामं सेशन १५ ऐवजी ५ मिनिटांत सुटेल असं करा. 'नेट कॉन्फिग सर्व्हर' च्या पुढे तिरपी रेघ, 'ऑटोडिस्कनेक्ट', विसर्गचिन्ह आणि ५. मॅप केलेल्या ड्राइव्हवर कधी लाल फुली दिसेल, घाबरू नका, क्लिक केलं की तो परत जोडला जातो.

आता सकाळी अकराबद्दल. तुमच्याकडे पावसात वीज जाते का? आणि यूपीएस फक्त सर्व्हरला आहे का?

---

अंत्रुजकर · १४ जुलै, दुपारी २:०५

हो. जुलैत दिवसातून दोनदा तरी झटका बसतोच. यूपीएस सर्व्हरला आणि माझ्या टेबलाला. बाकीची मशीनं बंद पडून पुन्हा सुरू होतात. त्याचा काही संबंध?

---

आबोली · १४ जुलै, दुपारी २:३०

आहे. संगणक नीट बंद केला तर तो जाताना सेशन सोडून जातो. वीज गेली की तो निरोप न घेताच जातो. सर्व्हर जागाच असल्यामुळे त्याच्याकडे जुनं सेशन काही मिनिटं मोजणीत राहतं. दरम्यान वीज येते, आठ-दहा मशीनं एकदम सुरू होतात आणि नव्याने दार ठोठावतात. जुनी गेलेली नाहीत, नवी आत येताहेत. तुमच्या २० पैकी १६ एरवीच भरलेल्या, मग काय होणार? आर्टिकलच्या मुलाचा लॅपटॉप दोनदा दिसला तो याचाच लहान नमुना. स्विचलाही यूपीएसवर घ्या. स्विच बंद पडला तर चालू असलेले संगणकही मध्येच तुटतात, आणि टॅलीला ते सर्वांत वाईट.

---

सावंतवाडीकर · १४ जुलै, रात्री ८:४०

हे सगळं केल्यावर तुमचा २० मध्ये निभाव लागेल. पण पुढे माणसं वाढली तर काय, म्हणून दोन शब्द.

विंडोज सर्व्हर घेतलात तर सर्व्हरच्या लायसनवर प्रत्येक वापरणाऱ्याचं किंवा प्रत्येक उपकरणाचं कॅल, म्हणजे सर्व्हर वापरण्याचं, लायसन वेगळं घ्यावं लागतं. कोटेशनमध्ये ते धरलंय का विचारा. एसेन्शियल्स नावाची आवृत्ती २५ माणसं आणि ५० उपकरणांपर्यंत कॅलशिवाय चालते, ती नव्या मशीनबरोबर मिळते. नुसत्या फाइली ठेवायला मी मात्र लिनक्स आणि सांबा सुचवेन. अँड्र्यू ट्रिजेल यांनी ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो लिहायला घेतला. विंडोजच्या संगणकांना विंडोजच्याच भाषेत फाइली देणारा तो मोफत प्रोग्राम. त्याच्या सेटिंगमध्ये जोडण्यांची मर्यादा मुळात शून्य असते आणि शून्याचा अर्थ बंधन नाही. बाजारात मिळणारे सिनॉलॉजी किंवा क्यूनॅपचे नॅसचे डबेही (नेटवर्कला जोडून फाइली ठेवायची डिस्कची पेटी) आतून लिनक्स आणि सांबाच. तिथे किती जण मावतील ते रॅम आणि प्रोसेसरवर ठरतं, लायसनवर नाही.

माझ्याकडे एक जुना डेस्कटॉप सहा वर्षं असा चालू आहे. पण तो मी स्वतः बघतो. तुमच्याकडे बघणारं कुणी नसेल तर नॅस घ्या.

---

कुंकळ्ळीकर · १५ जुलै, सकाळी ९:३०

आम्ही तीन वर्षांपूर्वी दोन डिस्कचा नॅस घेतला, जोडण्यांची कटकट गेली ती गेलीच. अनुभवाच्या दोन गोष्टी सांगतो. पहिल्याच पावसात वीज कोसळली तेव्हा नॅस वाचला पण स्विचचे तीन पोर्ट गेले. ऑफिसाबाहेर भिंतीवरून गेलेली केबल होती, तिच्यातून आलं ते. आता ती केबल काढली.

दुसरं वेगाचं. नॅस आणूनही फाइली संथ उघडायच्या. बघितलं तर अर्धे संगणक १०० एमबीपीएसवरच बोलत होते. गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. एका तारेचं टोक खराब झालं की मशीन गुपचूप १०० वर उतरतं. आमच्या खाऱ्या दमट हवेत केबलच्या टोकांचे पत्रे काळे पडतात. टोकं नवीन बसवली तेव्हा मोठ्या नकाशाची फाइल सेकंदाला ११ एमबीने यायची ती १०० च्या वर यायला लागली.

आणि नॅसमधल्या दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकदम पुसली जाते. एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा. आमची माझ्या घरी, कुंकळ्ळीला असते.

---

अंत्रुजकर · २१ जुलै, सकाळी १०:४५

२० तारीख काल गेली.

पासवर्ड बदलला, पाहुण्यांचं वाय-फाय वेगळं केलं, शेजाऱ्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनाच वाईट वाटलं, ते म्हणाले आम्हाला ठाऊकच नव्हतं. १३ खाती दोन संध्याकाळी करून झाली. चारही टॅलीचे पाथ नावाने केले. माझ्या फोनवरचं अ‍ॅप काढलं. स्विच यूपीएसवर आणला. आर्टिकलच्या मुलाने केबल काढून मीटिंगच्या खोलीत जायचं सोडलं, तो आता दिवसभर वाय-फायवरच असतो.

काल दिवसभर ज्या मुलीची एंट्री गेली होती तीच दर तासाला सेशन्स बघून वहीत आकडा लिहीत होती. सकाळी ९ ला ६. अकराला १३. साडेबाराला १४, म्हणजे सगळे संगणक आणि स्कॅनर. दुपारी दोनला वीज गेली आणि चार मिनिटांत आली. तेव्हा तिने १८ लिहिलं आणि धावत मला बोलवायला आली. मी पोचलो तोवर १५ झाले होते. बाहेर कुणीही राहिलं नाही. शेवटचं ३बी संध्याकाळी सहा वाजता भरलं.

सर्व्हरचं कोटेशन परत केलं. चवथीच्या आधी दोन डिस्कचा नॅस घ्यायचा ठरतंय. मर्यादा हे त्याचं कारण नाही. त्या डेस्कटॉपवर विंडोज १० आहे, त्याला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि लोकांचे कागद अशा मशीनवर ठेवणं मला आता पटत नाही. टॅलीचा डेटा नॅसवर नीट चालतो का, कुणी १३ जणांनी मिळून वापरलाय?

---

आबोली · २१ जुलै, दुपारी १:१५

१८ चा आकडा लिहून ठेवलात ते फार चांगलं केलंत. त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा.

टॅली नॅसवर चालतं, पण सगळ्यांनी केबलवर असावं, वाय-फायवरून कुणीही टॅली उघडू नये. आर्टिकलच्या मुलालाही टॅलीपुरता केबलवर बसवा. आधी एकाच छोट्या कंपनीचा डेटा नॅसवर ठेवून आठवडाभर वापरा, ऑगस्टच्या ११ तारखेची गर्दी त्याच्यावर काढा, मग बाकीच्या कंपन्या हलवा. जुना डेस्कटॉप तोवर बंद करू नका.

---

अंत्रुजकर · २१ जुलै, दुपारी १:३०

तसंच करतो. ११ ऑगस्टनंतर वहीतले आकडे इथे टाकतो.